सोलरचा खटका वारंवार पडतो, तेव्हा काय करावे?



गेल्या दोन-तीन वर्षांत पांढुर्णा आणि सौंसर भागातील घरांच्या छपरांवर सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. देशातील १ कोटी घरांवर सोलर बसवावे हे तिचे उद्दिष्ट आहे. या योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले. ३ किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात महिन्याला ३०० युनिटांच्या आसपास वीज देतो. संत्र्याच्या आणि कपाशीच्या भावाचा भरवसा नसलेल्या घराला ही मदत लहान नाही.

परंतु संच बसवून काही महिने झाले की एक तक्रार ऐकू येते. "खटका सारखा पडतो. वर केला की पुन्हा पडतो." वायरमन ज्याला एमसीबी म्हणतात त्यालाच आपण येथे खटका म्हणू. या तक्रारीवर गावोगावी तीन उपाय चालतात. कोणी खटक्याची दांडी चिकटपट्टीने बांधून ठेवतो. कोणी बाजारातून मोठ्या अँपियरचा खटका आणून बसवतो. कोणी खटका काढून तारा सरळ जोडून टाकतो. हे तिन्ही उपाय घातक आहेत. दिवाळीपासून पुढे वेचणीचा कापूस आपल्यापैकी अनेकांच्या घरात, त्याच भिंतीला टेकून भरलेला असतो. तेथे तार तापली तर काय होईल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

ताप आलेल्या माणसाला डॉक्टर आधी विचारतात, "ताप केव्हा येतो? सकाळी की संध्याकाळी? थंडी वाजून येतो का?" त्यावरून रोगाची दिशा कळते. खटक्याचेही तसेच आहे. तो केव्हा पडतो हे नीट पाहिले तर अर्धे निदान आपले आपल्यालाच होते. ते कसे करावे, हे या लेखात पाहू.

खटका काय काम करतो?

खटक्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. पहिला म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. तारेतून ठरल्यापेक्षा जास्त करंट बराच वेळ गेला की ही पट्टी तापते, वाकते आणि खटका सोडते. याला काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचे वेटोळे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झाले, की करंट एकदम अनेक पटींनी वाढतो. वेटोळ्यात चुंबकशक्ती येते आणि खटका डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पडतो.

म्हणून पहिली खूण ही, की वर करताच फटकन पडणारा खटका बहुधा शॉर्ट दाखवतो. वर राहून काही वेळाने पडणारा खटका जास्तीचा भार किंवा उष्णता दाखवतो.

खटका घरातील तारेला जपण्यासाठी असतो. ज्या तारेला २० अँपियर सोसतात तिच्यावर ४० अँपियरचा खटका बसवला, तर ३५ अँपियरला तार तापून तिचे रबर वितळेल, पण खटका हलणार नाही. मोठा खटका लावल्याने दोष जात नाही, दोष सांगणारा तेवढा गप्प होतो. दांडी बांधून ठेवण्यातही अर्थ नाही. चांगल्या बनावटीचा खटका दांडी बांधली तरी आतून सुटतोच. फक्त तो सुटला आहे हे आपल्याला दिसत नाही.

याशिवाय बऱ्याच घरांत आरसीसीबी नावाचा आणखी एक खटका असतो. त्याच्यावर 'टी' अक्षराचे लहान बटण असते. जितका करंट घरात गेला तितकाच परत आला की नाही, एवढेच तो मोजतो. त्यात ३० मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे करंट कोठून तरी, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून, जमिनीत जात आहे असे धरून तो पडतो. तो भारामुळे पडत नाही, गळतीमुळे पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्या घरात कोणकोणते खटके आहेत?

छपरावरील प्लेटांत तयार होणारी वीज डीसी असते. बॅटरीची वीज असते तशीच ती एका दिशेने वाहते. ती प्रथम डीसी खोक्यात येते. तेथून इन्व्हर्टरमध्ये जाते. इन्व्हर्टर तिची एसी वीज करतो. मग ती एसी खोक्यातून घराच्या मुख्य बोर्डाकडे आणि नेट मीटरकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर एक खटका असतो.

आधी आपल्या घरातील प्रत्येक खटक्याजवळ कागद चिकटवून त्याचे नाव लिहावे. 'सोलर डीसी', 'सोलर एसी', 'घराचा मेन', 'मोटार', 'स्वयंपाकघर' असे. संच बसवणाऱ्या माणसाला विचारूनच हे लिहावे. "लाईट गेली" एवढे सांगून वायरमनला काही कळत नाही. "सोलर एसीचा खटका दुपारी पडला" म्हटले की त्याचे काम निम्मे होते.

आता वेळेप्रमाणे एकेक कारण पाहू.

१) भर दुपारी, कडक उन्हात पडतो

एप्रिल-मे महिन्यांत ही तक्रार सर्वांत जास्त असते. साधा हिशेब करू. ३ किलोवॅट म्हणजे ३,००० वॅट. त्याला २३० व्होल्टने भागले तर १३ अँपियर येतात. दुपारी ११ ते २ या वेळात संच एवढा करंट तासन् तास देत असतो. घरातील मिक्सर दोन मिनिटे चालून थांबतो, तसे सोलरचे नसते. म्हणून सतत चालणाऱ्या करंटपेक्षा खटका निदान सव्वा पट असावा असा नियम पाळतात. १३ ची सव्वा पट १६ च्या थोडी वर जाते, म्हणून येथे २० अँपियरचा खटका आणि त्याला साजेशी, साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार योग्य ठरते. बसवणाऱ्याने १६ चा खटका लावला असेल तर तो हिवाळ्यात टिकेल आणि मे महिन्यात पडेल.

मे महिन्यातच का? तर घरगुती खटका साधारण ३० अंश तापमान धरून बेतलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ पर्यंत चढतो. खोका पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर उन्हात असेल तर त्याच्या आत त्याहूनही जास्त तापते. आतली जोडपट्टी आधीच तापलेली असल्याने ठरल्यापेक्षा कमी करंटवर ती खटका सोडते. अशा वेळी दोष तारेचा नसून जागेचा असतो. खोका सावलीत हलवावा, किंवा त्याच्यावर हवा खेळती राहील असा पत्र्याचा छज्जा करावा. एकमेकांना खेटून बसवलेल्या खटक्यांत थोडे अंतर ठेवायला सांगावे.

दुसरे कारण सैल स्क्रू. तार खटक्यात नीट आवळलेली नसेल तर त्या जागी अडथळा होतो. हा अडथळा एक ओहमचा दहावा भाग एवढा लहान असला, तरी १३ अँपियरला त्या एका बिंदूवर सुमारे १७ वॅट उष्णता तयार होते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत ही उष्णता रोज चार तास राहिली तर प्लास्टिक पिवळे पडते, मग काळे पडते आणि वास येतो. उष्णतेने तार फुगते, रात्री आकसते आणि स्क्रू आणखी सैल होतो. जळका वास आला किंवा खटक्याचा रंग बदललेला दिसला, तर खटका वर करू नये. वायरमनकडून जळलेला भाग कापून नवी तार आणि नवा खटका बसवून घ्यावा. वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्यापूर्वी, सर्व स्क्रू आवळून घेण्याची पद्धत ठेवावी.

२) मोटार किंवा यंत्र सुरू करताच पडतो

घरच्या विहिरीवरील १ हॉर्सपॉवरची मोटार चालताना ६-७ अँपियर घेते. पण सुरू होण्याच्या क्षणी ती पाच-सहा पट, म्हणजे ४० अँपियरच्या आसपास करंट ओढते. खटक्यावर आकड्याच्या आधी एक इंग्रजी अक्षर छापलेले असते, ते पाहा. 'बी' जातीचा खटका आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला लगेच पडतो. 'सी' जातीचा ५ ते १० पटीला पडतो. म्हणजे 'बी १०' हा खटका ३० ते ५० अँपियरच्या दरम्यान केव्हाही पडेल, आणि 'सी १०' निदान ५० पर्यंत धीर धरील. मोटारीसाठी 'सी' जात हवी. येथे अँपियर वाढवायचे नाहीत, फक्त जात बदलायची आहे.

पूर्वी व्यवस्थित चालणारी मोटार एकाएकी खटका पाडू लागली, तर मात्र खटक्याला दोष देऊ नये. कंडेन्सर उतरला असेल, बेअरिंग धरले असेल किंवा पंख्यात गाळ अडकला असेल. मोटार फिरता येत नसली की जास्त करंट ओढत राहते.

ज्यांचे सोलर बॅटरीवर चालते त्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. विजेच्या लाईनला जोडलेल्या संचात मोटारीला लागणारी जास्तीची वीज लाईनमधून येते. बॅटरीच्या संचात ती कोठूनही येत नाही. तेथे इन्व्हर्टर आणि बॅटरी जेवढे देतील तेवढेच. म्हणून शेगडी, इस्त्री आणि मोटार एकाच वेळी चालवू नये. शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील बाचा या आदिवासी गावात २०१८ च्या अखेरपर्यंत सत्तरहून अधिक घरांत सौर शेगड्या पोहोचल्या. तेथे मुंबईच्या आयआयटीने शेगडी, प्लेटा आणि बॅटरी यांचा एकमेकांना साजेसा संच तयार केला होता. बाजारात मिळेल ती शेगडी आणून बॅटरीला जोडण्यात आणि असा बेतलेला संच वापरण्यात मोठा फरक आहे.

३) पावसाळ्यात, विशेषतः सकाळी पडतो

रात्रभर पाऊस झाला किंवा दव पडले आणि सकाळी ऊन येताच खटका पडला, पण दुपारी सारे वाळल्यावर ठीक चालले, तर हा गळतीचा प्रकार समजावा. यात बहुधा आरसीसीबी पडतो, किंवा इन्व्हर्टर लाल दिवा लावून 'इन्सुलेशन' किंवा 'अर्थ फॉल्ट' असा दोष दाखवतो.

छपरावर कोठेतरी तारेचे रबर फाटले आहे आणि ओलाव्यातून करंट प्लेटच्या लोखंडी सांगाड्यात उतरत आहे, असा याचा अर्थ. खारी आणि उंदीर प्लेटांखालची केबल कुरतडतात. माकडे तारा ओढतात. पत्र्याच्या धारेवर केबल वाऱ्याने घासत राहते. प्लेटांमधील जोड छपरावर पडून पाण्यात बुडतात. केबल खोक्यात वरून शिरत असेल तर पाणी तिच्या अंगावरून थेट आत येते. केबल नेहमी खालून आत घ्यावी, आणि आत जाण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा म्हणजे पाणी तेथेच ठिबकून जाते.

कधीकधी तार धड असूनही आरसीसीबी पडतो. प्लेटांचा पृष्ठभाग मोठा असतो. तो ओला झाला की थोडी नैसर्गिक गळती होतेच. इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तकात त्याच्या बाजूला किती मिलिअँपियरचा आणि कोणत्या जातीचा आरसीसीबी लावावा हे लिहिलेले असते. पुष्कळ ठिकाणी तो १०० किंवा ३०० मिलिअँपियरचा सांगितलेला असतो. बसवणाऱ्याकडून तो पुस्तकाप्रमाणे लावून घ्यावा. पण घरातील प्लग, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी कधीही काढू नये. त्याने तार वाचत नाही, माणूस वाचतो. महिन्यातून एकदा 'टी' बटण दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. बटण दाबूनही पडला नाही तर तो बदलावा.

४) वीज कडाडल्यानंतर पडला आणि पुन्हा टिकत नाही

खोक्यात विजेचा लोट जमिनीत सोडणारे एक लहान साधन असते. त्याला एसपीडी म्हणतात. त्याला एक बारीक खिडकी असते. खिडकी हिरवी असेल तर साधन शाबूत आहे. लाल झाली असेल तर त्याने आपले काम करून जीव सोडला आहे. असे जळालेले साधन कधीकधी आतून शॉर्ट होऊन खटका टिकू देत नाही. ते काढून फेकून देऊ नये, त्या जागी नवे बसवावे. पुढची वीज केव्हा पडेल हे कोणाला ठाऊक?

त्याचबरोबर आर्थिंग तपासून घ्यावे. संचाला साधारणपणे तीन आर्थिंग करतात. एक डीसीसाठी, एक एसीसाठी आणि एक वीजरोधक सळईसाठी. जमीन कोरडी पडली की आर्थिंग कमजोर होते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी घालत जावे.

५) रात्री पडतो

सूर्य मावळल्यावर प्लेटा वीज देत नाहीत. म्हणून रात्री पडणारा खटका बहुतेक वेळा घरातील दोष दाखवतो, सोलरचा नव्हे. तो शोधण्याची रीत सोपी आहे. घरातील सर्व लहान खटके खाली करा. मेन वर करा. मग एकेक लहान खटका वर करत जा. ज्याने मेन पडेल त्या लाईनवर दोष आहे. त्या लाईनवरील सर्व यंत्रांचे प्लग काढून पुन्हा पाहा. आता टिकला तर दोष यंत्रात आहे, तरीही पडला तर भिंतीतील तारेत आहे. यासाठी कोणतेही झाकण उघडावे लागत नाही.

खटका पडला नाही, तरी सोलर बंद

गावची लाईट गेली की लाईनला जोडलेला इन्व्हर्टर दोन-एक सेकंदांत स्वतःहून थांबतो. हा दोष नाही. खांबावर चढलेल्या लाईनमनच्या अंगात आपल्या छपराची वीज जाऊ नये म्हणून ही योजना केलेली असते. लाईट आल्यावर तो थोडा वेळ थांबून आपोआप सुरू होतो.

दुसरा प्रकार व्होल्टेजचा. लाईनचे व्होल्टेज २३० च्या १० टक्के खाली-वर, म्हणजे २०७ ते २५३ पर्यंत असावे. दुपारी एकाच डीपीवर अनेक घरांचे सोलर जोरात चालते आणि शेतीचा भार नसतो, तेव्हा व्होल्टेज याच्या वर जाऊ शकते. मग इन्व्हर्टर थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दिसणारे व्होल्टेज दोन-तीन दिवस वेळेसह लिहून ठेवावे. आपला भाग जबलपूरच्या पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे येतो. १९१२ या क्रमांकावर किंवा जवळच्या वीज कार्यालयात ही नोंद दाखवून तक्रार करावी.

डीसी खटक्याविषयी खास इशारा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती घरातील मोठ्या मुलांनाही समजावून सांगावी.

एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. खटका उघडताना आत ठिणगीची ज्योत उठते, ती त्या शून्याच्या क्षणी विझते. डीसी वीज कधीच शून्यावर येत नाही. ३ किलोवॅटच्या संचात ५४० वॅटच्या ६ प्लेटा ओळीने जोडल्या तर सुमारे ३०० व्होल्ट डीसी होतात, आणि नाताळच्या सुमाराच्या थंड सकाळी त्याहून थोडे जास्त. अशा ठिकाणी दुकानातील साधा एसी खटका लावला तर तो उघडूनही ज्योत विझत नाही. खटकाच पेट घेतो, मग खोका, मग शेजारी जे असेल ते. म्हणून डीसीच्या जागी डीसीचाच आणि तेवढ्या व्होल्टचा खटका हवा. काही डीसी खटक्यांवर अधिक-उण्याच्या खुणा असतात. त्या उलट जोडल्या तरी हाच धोका होतो.

दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. प्लेट चालताना १३ अँपियर देते, आणि तिच्या दोन तारा एकमेकींना चिकटवल्या तरी ती सुमारे १४ अँपियरच देते. ती लाईनसारखा शेकडो अँपियरचा लोंढा देऊ शकत नाही. म्हणून छपरावर शॉर्ट झाले तरी १६ किंवा २० अँपियरचा डीसी खटका पडेलच असे नाही. यावरून दोन धडे घ्यावेत. एक, एका ओळीच्या संचात डीसी खटका वारंवार पडत असेल तर सैल जोड, उष्णता, जळालेला एसपीडी किंवा खराब खटका यांचा संशय आधी घ्यावा. दोन, डीसी खटका पडला नाही म्हणजे छपरावर सारे ठीक आहे, असे समजू नये. काळे डाग, वितळलेले जोड, चरचर असा आवाज यांकडे डोळे आणि कान उघडे ठेवावेत.

आणि ध्यानात असू द्या, ऊन आहे तोवर प्लेटांची वीज बंद करता येत नाही. घराचा मेन पाडला, डीसी खटका पाडला, तरी प्लेटांपासून खटक्यापर्यंतची तार जिवंतच असते. उन्हात छपरावरील जोड हाताने ओढून कधीही सोडवू नयेत.

आपण काय करावे, काय करू नये?

पडलेला खटका एकदाच वर करावा. त्याआधी दांडी पूर्ण खाली दाबावी, मग वर न्यावी. हात कोरडे असावेत, पायांत चपला असाव्यात. दुसऱ्यांदा पडला तर तसाच राहू द्यावा.

संच बंद करायचा असेल तर आधी सोलर एसी, मग सोलर डीसी बंद करावा. म्हणजे डीसी खटक्यावर भार नसताना तो उघडतो आणि ज्योत उठत नाही.

झाकणे उघडणे, स्क्रू आवळणे आणि तारा बदलणे हे परवानाधारक वायरमनचे काम आहे. सूर्यघर योजनेतून संच घेतला असेल तर बसवणाऱ्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. करारपत्र जपून ठेवावे आणि पहिला निरोप त्यालाच द्यावा. मीटरचे सील कोणी तोडू नये.

इन्व्हर्टर आणि खोक्यांच्या आजूबाजूला निदान चार हात जागा मोकळी ठेवावी. तेथे कापूस, गोणपाट, कडबा, डिझेल किंवा फवारणीची औषधे ठेवू नयेत. कापसाचा तंतू आणि कोळिष्टके खोक्यावरून कोरड्या फडक्याने झाडून काढावीत. आग लागलीच तर खोक्यावर पाणी मारू नये. माणसांना बाहेर काढावे, मेन पाडता आला तर पाडावा, कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे आणि १०१ ला कळवावे. छपरावर सोलर आहे हे आग विझवणाऱ्यांना आधी सांगावे.

शॉक लागल्यास

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. मेन पाडावा. तो दूर असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून ढकलावे. छपरावरील तारेचा शॉक असेल तर मेन पाडूनही तार जिवंत असते, म्हणून काठीचाच उपयोग करावा.

माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपरे सरळ राखून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा. श्वास सुरू होईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नये. तोंडात पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. शॉक लागून माणूस उठून बसला, बोलू लागला, तरीही त्याला दवाखान्यात न्यावे. विजेची जखम वरून लहान आणि आतून मोठी असते, आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

एक वही ठेवा

शेवटी एक साधी सूचना. खोक्याजवळ दोरीने एक वही आणि पेन्सिल बांधून ठेवावी. खटका पडला की पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख, वेळ, ऊन होते की पाऊस, कोणते यंत्र चालू होते, आणि नेमका कोणता खटका पडला. इन्व्हर्टरवर काही अक्षरे किंवा आकडा दिसत असेल तर तोही उतरून घ्यावा. चार-पाच नोंदी झाल्या की कारण आपोआप डोळ्यांपुढे येते. दुपारचे आहे की पावसाचे, मोटारीचे आहे की रात्रीचे, हे मग कोणाला विचारावे लागत नाही. वायरमन आल्यावर ती वही त्याच्या हाती द्यावी. त्याने खटका मोठा करण्याचा सल्ला दिला, तर त्याला आधी एक प्रश्न विचारावा: "भाऊ, तारही तेवढी मोठी आहे का?"